टोक नसलेली गाडी

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं, की फलाटाच्या या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा दिवा नुसता पिवळा डाग दिसायचा. थंडीनं नळसुद्धा आखडून बसला होता. बारकीनं झाडूच्या दांड्यानं नळावर दोनदा ठोकलं, तेव्हा कुठे तो खोकत खोकत गळायला लागला. बादली भरेपर्यंत तिनं मॉप झटकून सरळ केला, फिनेलचं झाकण उघडलं, पाण्यात बोटं घालून पाहिली आणि लगेच बाहेर काढली.

"अगं बाई गं! ह्या पाण्यात मुडदा बुडवला तर तोपण उठून पळेल," तोफ म्हणाली.

तोफ ही बारकीची कामातली जोडीदारीण. बोलायला लागली की फलाटावरची कबुतरं उडायची, म्हणून तोफ. आणि बारकी काही बारीक नव्हती. डब्याच्या दारात उभी राहिली की दार भरून जायचं. पण लहानपणी भावानं हाक मारली ‘बारके’, तीच घरात राहिली, तीच कामावर आली. नवीन पोरी हसायच्या, मग त्यांनाही सवय व्हायची.

दोघींचं काम गाडी झाडायचं. शहराच्या त्या टोकापासून निघालेली गाडी ह्या शेवटच्या स्टेशनात यायची, रिकामी व्हायची, गार्ड एक लांब शिट्टी मारायचा, आणि मग बायका आत शिरायच्या. शिट्टीच्या आधी डब्यात पाय टाकायचा नाही, हा नियम. बारकी नवीन असताना एकदा शिट्टीआधी चढली होती, तर मुकादमानं सगळ्या फलाटासमोर असं झापलं की तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तेव्हापासून तिचा पायच शहाणा झाला होता. डोकं काहीही म्हणो, शिट्टी झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

आत गेलं की कुणी ना कुणी झोपलेलं असायचंच. प्रवाशाला हात लावायचा नाही, हाही नियम. म्हणून बायकांनी आपली रीत काढली होती. झाडूचा दांडा उलटा धरायचा आणि सीटजवळच्या लोखंडी खांबावर दोन ठोके द्यायचे. टण्, टण्. भलेभले कुंभकर्ण उठून चपला शोधायला लागायचे.

रोज सकाळच्या एका गाडीत, शेवटच्या डब्यात, दारालगतच्या खिडकीपाशी बारकीचा दादा बसलेला असायचा. तो झोपलेला नसायचा. मांडीवर कातड्याची जुनी पिशवी, त्यात कात्री नि कंगवा, दोन्ही हात पिशवीवर. दोन ठोके ऐकू आले की उठायचा आणि म्हणायचा, "चला, दुकान उघडू."

दादाचं दुकान ह्याच स्टेशनात होतं. जुन्या जिन्याखाली, तिरप्या छपराचं, एका खुर्चीचं. उंच गिऱ्हाईक आलं तर त्याला मान वाकवूनच शिरावं लागे, आणि दादा म्हणे, "माझ्याकडं आल्यावर सगळ्यांचीच मान खाली." आईबाप लवकर गेले, तेव्हा ह्याच खुर्चीच्या जिवावर त्यानं बारकीला वाढवलं, तिचं लग्न लावलं, आणि नवरा गेल्यावर तिला पुन्हा घरी आणलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगे, "दिवसभर लोकांची डोकी धरतो, रात्री पुन्हा कुणाचं धरायचं?" बारकीला ही नोकरीही त्यानंच लावून दिली. मुकादम दाढीला बसला होता, वस्तरा गळ्यापाशी होता, आणि दादानं विषय काढला. नाही कसं म्हणणार?

मग स्टेशन सुधारायला घेतलं. जिना पाडला, त्या जागी सरकता जिना आला, आणि सरकत्या जिन्याखाली मशीन असतं, दुकान नसतं. दुकान गेलं, आणि मग दादाही थोडा थोडा जायला लागला. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली. मग वार गेले. एकदा बारकी कामावर असताना त्यानं दाढीचं पाणी तापवायला म्हणून रिकामं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि विसरून गेला. शेजारची शिवणबाई वास आला म्हणून धावली, नाहीतर खोलीच जळाली असती. त्याच संध्याकाळी बारकीनं सुताराला बोलावून दाराला बाहेरून कडी बसवून घेतली.

"लाव आणि जा बिनघोर," शिवणबाई म्हणाली. "मी आहेच इथं. मशीनवर बसलेली असले तरी कान माझा तुमच्या दाराकडंच."

बारकीनं एकच दिवस कडी लावली. संध्याकाळी परत आली तर दादा दारामागे उभाच. दोन्ही तळहात लाल, सुजलेले. दिवसभर दार बडवत होता. शिवणबाई रडवेली झाली होती. "मी किती समजावलं गं दारातून. ते म्हणायचे, माझं दुकान कुणी बंद केलं?"

त्या रात्री बारकीनं त्याच्या हातांना तेल लावलं आणि मनाशी ठरवलं, काही झालं तरी कडी पुन्हा लावायची नाही.

मग तिनंच ही युक्ती काढली. आपण पहाटे जायचं. उजाडल्यावर शिवणबाईनं दादाला घराजवळच्या स्टेशनात आणून शेवटच्या डब्यात बसवायचं. तो आपला दुकानात निघाल्यासारखा खुशीत. ही गाडी सरळ येते, मध्ये दादा उतरत नाही, कारण आयुष्यभर तो शेवटच्याच स्टेशनला उतरला. आणि शेवटच्या स्टेशनात रूळच संपतात. रुळांच्या तोंडाशी जाड लाकडाचा अडसर, त्यामागे काळी भिंत. गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे? "देवानं मला त्या भिंतीच्या रूपानं पहारेकरी दिलाय," ती तोफेला म्हणायची. दिवसभर दादा बायकांच्या सामानाच्या खोलीत बाकावर बसायचा. बायका त्याच्यासमोर मॉप धरायच्या, आणि तो कात्री काढून मॉपच्या लोंबत्या दोऱ्या एका रेषेत कापून द्यायचा. "मागं थोडं कमी करू का?" असं विचारूनच.

तर ती भिंत फोडली.

फोडली ती काही वाईटासाठी नाही, हे बारकीलाही कळत होतं. भिंतीमागून भुयार काढलं, जमिनीखालून नवी स्टेशनं बांधली, आणि सगळी लाइन गोल जोडून टाकली. एक साहेब तक्ता घेऊन आले होते बायकांना समजवायला. तक्त्यावर जाड हिरवं वर्तुळ. "आता कुणाला कुठंच गाडी बदलावी लागणार नाही. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं एका गाडीत. गाडी थांबायचीच नाही, फिरतच राहील."

"साहेब, मग झाडायची कधी?" तोफेनं विचारलं.

"झाडणं आता डेपोत. शहराबाहेर. तुम्हाला घ्यायला व्हॅन येईल."

शिवणबाई तर हरखूनच गेली होती. दोऱ्याची रिळं आणायला तिला दोन गाड्या बदलून अर्धा दिवस घालवावा लागे, आता तासाभराचं काम. "किती गं सोय झाली," म्हणाली, आणि लगेच बारकीच्या तोंडाकडं बघून गप्प झाली.

बारकीनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी दुपारची व्हॅन येईपर्यंत आपण फलाटावरच आहोत. गाडी शेवटची नसली तरी इथं थांबणार आहेच. दार उघडेल, आपण आत जाऊ, ठोके देऊ, दादाला उतरवू. दुपारनंतरचं दुपारनंतर बघू. उद्याचं उद्या.

आणि आज तो पहिला दिवस.

गाडी धुक्यातून आली. नेहमीपेक्षा हळू वाटली, तेवढंच. बारकी शेवटच्या डब्याच्या खुणेपाशी बरोबर उभी होती, हातात झाडू, शेजारी बादली. दार उघडलं. माणसं उतरली, आणि उतरणाऱ्यांच्या दुप्पट आत चढली. नव्या गाडीत बसायची हौस, पोरंबाळं कडेवर, जो तो घुसतोय. खिडकीत दादा दिसला. मांडीवर पिशवी, हात पिशवीवर. तो समोर बघत होता. वाट बघत होता ठोक्यांची.

आणि बारकी वाट बघत होती शिट्टीची.

तिला माहीत होतं शिट्टी होणार नाही. सगळं माहीत होतं. पण वर्षानुवर्षं शहाणा केलेला पाय पिवळ्या रेघेवर खिळून राहिला. डोकं म्हणत होतं जा, आणि पाय म्हणत होता, थांब, अजून झाली नाही. एवढ्यात वरून गोड आवाजात कुणी बाई बोलली, टिंग झालं आणि दारं बंद झाली.

तेव्हा तिला जाग आली. "दादा!" ती धावली. गाडी हलली होती. तिनं झाडू उलटा धरून डब्याच्या पत्र्यावर ठोकलं, टण्, टण्. दादानं ऐकलं. बरोबर ऐकलं. तो उठला, पिशवी काखेत मारली, दाराकडे वळला, बंद दाराशी अगदी शहाण्यासारखा उभा राहिला. आणि गाडी त्याला तशीच उभ्यानं घेऊन, जिथं काल-परवापर्यंत भिंत होती, त्या काळ्या तोंडात शिरली.

बादली कधी कलंडली, बारकीला कळलं नाही.

"आता गं काय झालं?" तोफ पळत आली. बारकीनं नुसतं भुयाराकडे बोट दाखवलं. तोफ पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "म्हातारा आत राहिला?"

स्टेशन मास्तरांच्या खोलीत हार, पेढे नि माणसं. मास्तर बिचारे भले, पण आजच्या दिवशी त्यांना चारी बाजूंनी लोक ओढत होते. ऐकून घेतलं, फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "कपडे कसले? वय काय? बाई, काळजी करू नका, गाडी गोल आहे, फिरून इथंच येणार."

"गाडी येईल हो साहेब," बारकी म्हणाली, "दादा येईल का?"

तिला भीती होती ती वेगळीच. आपणच ठोकलं. ठोकलं नसतं तर तो बसून राहिला असता, गोल फिरून समोर आला असता. आपण ठोकलं म्हणून उठला. दाराशी उभा आहे. आणि पुढच्या स्टेशनात दार उघडणार.

ती पुढच्याच गाडीत चढली. हातात झाडू तसाच. तिचा गणवेश बघून लोक तिलाच विचारायला लागले. "बाई, दवाखान्याला ह्याच बाजूनं का?" "बाई, हे बटण कशाचं?" एका आजीनं तर कागदाचा बोळाच तिच्या हातात दिला. बारकी सगळ्यांना हो हो म्हणत होती. भुयारात खिडक्या काळ्या झाल्या आणि काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. ते तिला ओळखीचं वाटलं नाही.

पुढचं स्टेशन जमिनीखाली होतं. एवढी पांढरी फरशी तिनं जन्मात पाहिली नव्हती. सवयीनं मनात आलंच, ही पुसायला किती बायका लागत असतील. मग आपलीच लाज वाटली. चारी दिशांना वाटा, प्रत्येक वाटेच्या शेवटी जिना, आणि प्रत्येक जिना दुसऱ्यासारखाच. जिना बघितल्यावर दादा काय करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती प्रत्येक जिन्याखाली वाकून बघत सुटली. "दादा? ओ दादा?" जिन्याखाली पत्र्याची बंद कपाटं, लाल दिवे, घरघर. बाकी कुणी नाही.

तिसऱ्या जिन्यापाशी एक पहारेकरी उभा होता. तरणाबांड, कोरा गणवेश. तिला वाकलेली बघून म्हणाला, "आज काय सगळ्यांनी जिन्याखालीच बघायचं ठरवलंय? मघाशी एक आजोबा आले होते."

बारकीनं त्याचा दंडच धरला. "कातड्याची पिशवी?"

"हो हो. मला म्हणाले, तुझा एक कल्ला वर गेलाय, बस, नीट करून देतो. मी म्हटलं आजोबा, ड्यूटीवर आहे." त्यानं नकळत कानापाशी हात नेला. "खरंच वर गेलाय का हो?"

"कुठं गेले ते?"

"मी घर कुठं विचारलं तर म्हणाले, शेवटच्या स्टेशनला उतरतो मी. मी म्हटलं, आजोबा, आता शेवटचं स्टेशन नाहीच. तर असे बघायला लागले माझ्याकडं..." तो थांबला. "रडतील की काय वाटलं. मग मी हाताला धरून गाडीत बसवून दिलं. म्हटलं काळजी नको, ही गाडी सगळीकडं जाते."

"कुठल्या गाडीत? ह्या बाजूच्या की त्या?"

त्याचा चेहरा पडला. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या त्या वेळी. एक उजवीकडून फिरणारी, एक डावीकडून. "आठवत नाही हो मावशी. पण दोन्ही फिरूनफिरून तुमच्या स्टेशनात येतातच की."

त्याला बोल लावायचंही बारकीच्या अंगात त्राण नव्हतं. त्यानं आपल्या परीनं भलंच केलं होतं. सगळेच आज भलं करत होते. भल्यासाठीच भिंत फोडली, भल्यासाठीच गाडी गोल केली, आणि त्या सगळ्या भल्यात तिचा दादा कुठंतरी गरगर फिरत होता, उतरायची जागा शोधत.

ती माघारी आली तेव्हा धुकं विरलं होतं आणि मुकादम घड्याळ बघत उभा होता. सामानाची खोली रिकामी करून बादल्या बाहेर रचल्या होत्या. बाकसुद्धा ओढून फलाटावर आणला होता.

"व्हॅन येईल आता. डेपोत पहिल्या दिवशी हजर नाही तर वरचे म्हणतील, ह्यांना काम नकोय," मुकादम म्हणाला. मग आवाज खाली आणला. "मिळाला का?"

तिनं मान हलवली.

"मी काय म्हणतो बारके, पोलिसात सांगितलंय मास्तरांनी. तू चल. तिथं तोंड दाखव आणि ये परत."

"तुमच्या दाढीचे कधी पैसे घेतले का हो त्यानं?" तोफ मध्येच कडाडली. "एक दिवस तरी? आता तोंड दाखवा म्हणताय! तुमचं ते तोंड इतकी वर्षं दाखवण्याजोगं ठेवलं कुणी?"

मुकादम खाली बघायला लागला. बाकीच्या बायका व्हॅनकडे गेल्या. जाताना एकेकीनं बारकीच्या खांद्यावर हात ठेवला. पोटापाण्याचं होतं, कोण कुणाला काय म्हणणार? मुकादम शेवटी निघाला. "मी सांगतो तिथं, दोघी सामान मोजून मागून येतायत म्हणून. पण आजच्या दिवस. उद्या मला खोटं बोलायला लावू नका."

तोफ गेली नाही. पदर खोचावा तसा तिनं गणवेशाचा शेव खोचला आणि म्हणाली, "तू ती बाजू बघ, मी ही बघते."

मग सुरू झालं ते. फलाट मधोमध, दोन्हीकडे रूळ. गाडी आली की बारकी शेवटच्या डब्याशी धावायची, दारात उभी राहून आतल्या खांबावर दोन ठोके द्यायची आणि माणसांच्या डोक्यांतून ते एक डोकं शोधायची. टिंग व्हायचं, दार मिटायचं, गाडी जायची. तोवर मागच्या बाजूनं तोफेचे ठोके ऐकू यायचे. पाठोपाठ तिचं "नाहीऽऽ गं!"

गाड्या कशा यायच्या! एक गेली की दुसरी. सुधारणाच ती. पूर्वी गाडी यायची, बसायची, दम खायची, तिच्याशी दोन शब्द बोलता यायचे. ह्या गाड्यांना दमच नव्हता. बारकीला वाटायला लागलं, ही एकच गाडी आहे, आणि ती आपल्याला चिडवायला सारखी सारखी येतेय. तिचे हात भरून आले. घसा बसला. मध्येच एकदा तिला एका माणसाची पाठ दिसली, तोच कोट, तोच वाकलेला खांदा, आणि ती आत उडी घेऊन त्याला धरून वळवते तर परकाच चेहरा. "सॉरी," असं त्यानंच म्हटलं, का कोण जाणे.

"अहो बाई, काय चाललंय? नवीन गाडी आहे, पोचे पडतील," दारातली एक बाई ओरडली.

"पडू देत!" तोफ पलीकडून गरजली. "आमचं माणूस पडलंय तुमच्या गाडीत, त्याचं बघा आधी!"

दुपार कलली. दादानं सकाळपासून काही खाल्लं नसणार. त्याला पाणी मागायचंही सुचत नाही. त्याला लघवीला लागली तर तो कुणाला सांगणार? बारकीच्या मनात नको नको ते यायला लागलं. रुळांवर उतरला असेल. भुयारात चालत निघाला असेल, अंधारात, भिंतीला हात लावत लावत, दुकान शोधत. तिनं तोंडावर हात दाबून धरला. रडायला लागलं तर गाडीतलं दिसायचं नाही, म्हणून ती रडली नाही.

अशात एका गाडीतून शाळामास्तरासारखा दिसणारा एक गृहस्थ उतरला. हातात छत्री, गळ्यात मफलर. दोन पावलं जाऊन तो उभा राहिला आणि मानेवर मागं हात फिरवायला लागला. बारकीनं ते पाहिलं. हजार माणसांत तिला तेवढंच दिसलं.

"ओ मास्तर! कुणी काही म्हणालं का तुम्हाला? केसांबद्दल?"

गृहस्थ दचकलाच. "म्हणजे काय, भर गाडीत! एक म्हातारे गृहस्थ. म्हणाले, मागं कुणी कापलेत हे, बोकडानं खाल्ल्यासारखे? मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, मधल्या स्टेशनात उतरून दुसरी गाडी धरली मी."

"म्हणजे ते आधीच्या गाडीत होते? शेवटच्या डब्यात?"

"आधीच्याच. पण शेवटच्या नाही हो. मधल्या कुठल्या तरी."

बारकीच्या पायाखालची फरशीच सरकली. मधल्या डब्यात! म्हणजे आत्ताच तो इथून गेला, सकाळपासून पुन्हा पुन्हा गेला असेल, आणि आपण शेवटच्या डब्यालाच कवटाळून बसलो. आपले ठोके त्याच्यापर्यंत पोचलेच नसतील. तिनं इकडंतिकडं बघितलं. फलाटाच्या ऐन मध्यावर जुन्या छपराचा एक बिडाचा खांब उरला होता. सगळं बदललं, तो तेवढा राहिला होता.

"तोफे! इकडं ये! खांबावर! फिरून येईलच तो!"

गाडी आली. गेली. आणखी आल्या, गेल्या. मग फेरा पुरा व्हायच्या वेळेला एक आली, दारं उघडली. दोघी खांबाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि दांडे उलटे धरून त्यांनी सगळा जीव हातात आणला. टण्. टण्. जुन्या बिडाचा आवाज छपराला जाऊन लागला, फलाटभर घुमला. माणसं थबकली. वरून गोड आवाजाची बाई बोलत होती, तिचं कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा, टण्, टण्.

मधल्या डब्याच्या दारातून आधी कातड्याची पिशवी बाहेर आली. मग दादा. गर्दीतून वाट काढत, कसली घाई नसल्यासारखा. त्याच्या मागं दार मिटलं.

बारकीच्या हातून झाडू गळून पडला. ती धावली ती त्याच्यापर्यंत पोचून थांबली. त्याची विजार पुढून ओली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते. एका चपलेचा पत्ता नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, भल्या माणसानं परक्या बाईकडं बघावं तसा, थोडा संकोचून.

"बाई," तो म्हणाला, "इथं आमची बारकी कामाला असते. झाडते ती. तिला तेवढं सांगाल का, मी आलोय म्हणून? उशीर झाला की घाबरते हो ती. लहान आहे अजून."

तोफेनं तोंड फिरवलं.

"सांगते," बारकी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "सांगते हं. तुम्ही बसा इथं. पाणी प्या."

ती त्याला बाकाशी घेऊन गेली. तो बसला. तिनं बाटली तोंडाला लावली, तो लहान पोरासारखा गटागटा प्यायला. हनुवटीवरून ओघळलेलं तिनं आपल्या बाहीनं पुसलं. तोफ म्हणाली, तिच्या मानानं हळूच, "डेपोत आणता येईल का गं? एखादा कोपरा असेलच की."

"व्हॅनमध्ये घेणार नाहीत." बारकी म्हणाली. "आणि तिथं रुळांचं जाळंच आहे सगळं."

दोघींनाही ठाऊक होतं आता काय उरलं ते. घरी दाराला बाहेरून कडी होती. त्या एका दिवसानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. सुतारानं बसवली तेव्हा चकचकीत होती, अजूनही तशीच असेल. उद्या पहाटे निघताना हात तिच्यावर जाणार, आणि आत ते दोन तळहात दारावर पडायला लागणार, आणि ते ठोके बारकीला डेपोपर्यंत ऐकू येत राहणार. तिनं डोळे मिटले. मिटून चालणार नव्हतं, म्हणून उघडले.

समोर आणखी एक गाडी येऊन गेली. दोघींपैकी कुणी तिच्याकडं पाहिलं नाही. दादानं पाहिलं. खिडकीतल्या कुणाच्या तरी डोक्याकडं बघून त्यानं जिभेनं च्च केलं.

दादाच्या विजारीतून बाकावर नि बाकाखाली ओल उतरली होती. कुणी घसरलं असतं. बारकी उठली, रचलेल्या बादल्यांतली एक काढली, नळाखाली धरली. नळ आता न ठोकताच वाहत होता. तिनं मॉप बुडवला, पिळला, त्याच्या दोऱ्या एका रेषेत कापलेल्या होत्या, आणि बाकाखालून पुसायला लागली.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

दादानं पाय वर घेतले. आधी चपलेचा, मग अनवाणी. आणि ती पुसून होईपर्यंत, रोजच्यासारखे, तसेच अधांतरी धरून बसला.